वारीत कॅमेरा उचलण्यापूर्वी

पालखी दिवे घाट चढू लागली की फोटो काढणाऱ्याला उसंत मिळत नाही. पताका येतात, पाठोपाठ टाळ-मृदंग येतात, डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत एखादी आजी क्षणभर आपल्याकडे बघून हसते आणि पुढे निघून जाते. तेवढ्यात मेन्यू उघडून काही शोधायला गेलात, तर आजी दिसेनाशी झालेली असते. म्हणून आषाढीच्या वाटेवर कॅमेरा घेऊन जायचं असेल, तर सेटिंगचं काम दिंडी समोर येण्याआधी उरकलेलं असायला हवं.

आजच्या कॅमेऱ्यात शेकडो पर्याय असतात. त्यातलं काय ठरवायचं आणि काय सोडून द्यायचं? यासाठी मी एकच कसोटी लावतो : घरी संगणकावर बसून काय सुधारता येतं आणि काय येत नाही? रंगाची छटा बदलता येते. थोडा काळोखा आलेला फोटो उजळता येतो. तिरकी चौकट सरळ होते. पण हललेला चेहरा स्थिर होत नाही, मागच्या माणसावर गेलेला फोकस पुढच्या माणसावर आणता येत नाही आणि उजेडाने पांढराफटक पडलेल्या धोतराच्या चुण्या कुठल्याही सॉफ्टवेअरने खऱ्याखुऱ्या परत येत नाहीत. तेव्हा फोटोआधी हाताशी असलेला सगळा वेळ या न सुधारणाऱ्या गोष्टींना द्यावा. आधी शटर स्पीड, मग फोकस, मग अ‍ॅपर्चर, मग उजळ भाग जळणार नाहीत याची काळजी. आयएसओ त्यानंतर आणि व्हाइट बॅलन्स सर्वांत शेवटी.

बऱ्याच वर्गांमध्ये सुरुवात आयएसओपासून करतात. फिल्मच्या काळात तो क्रम बरोबर होता, कारण कॅमेऱ्यात रोल भरला की तो संपेपर्यंत आयएसओ तोच राहायचा. आज तो दर फोटोला बदलता येतो. तरीही आधी आयएसओ १०० वर अडकवून ठेवायचा आणि मग उजेड पुरत नाही म्हणून शटर मंदावायचं, ही सवय अनेकांची सुटलेली नाही. वारीतले हललेले फोटो बहुतांशी याच सवयीतून येतात.

शटरचा विचार करताना समोरचा माणूस किती वेगाने चालतोय एवढंच पाहून भागत नाही. तो कुठल्या दिशेने चाललाय हेही पाहावं लागतं. दिंडी थेट तुमच्याकडे येत असेल तर चौकटीत तिची हालचाल कमी दिसते आणि १/२५० सेकंद पुरतं. तीच दिंडी डावीकडून उजवीकडे, अगदी जवळून जात असेल तर १/५०० लागतं. टाळ वाजवणारे हात पायांपेक्षा कितीतरी जलद असतात. टाळ हवेत सुटा, स्पष्ट हवा असेल तर १/१००० ठेवा. मला स्वतःला मृदंगवादकाचा फोटो १/६० वर आवडतो. चेहरा एका ठिकाणी असतो म्हणून स्पष्ट येतो, बोटं मात्र पुसट होतात आणि वाजवणं दिसू लागतं. १/१००० वर तोच माणूस मृदंगावर हात ठेवून उभा असल्यासारखा दिसतो.

फुगडीचंही असंच. १/५०० वर दोघींचे चेहरे, वेणी, हवेत उचललेला पदर, सगळं थिजून येईल. १/२० वर पदराचं वर्तुळ उमटेल आणि भोवती उभ्या असलेल्या बायका स्पष्ट राहतील. मात्र त्यासाठी कॅमेरा हलता कामा नये, श्वास रोखून, कोपरं छातीशी धरून किंवा एखाद्या खांबाला टेकून उभं राहा. दोन्ही फोटो चांगलेच आहेत, पण दोन्ही एका शटरवर मिळत नाहीत. फुगडी सुरू होण्याआधी आपल्याला यातलं काय हवंय ते मनात पक्कं असावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्सवर किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असतं ते तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरच्या माणसाची हालचाल ते सावरू शकत नाही. हाताच्या थरथरीसाठी जुना नियम सोपा आहे : लेन्स जितक्या मिलिमीटरची, शटर किमान सेकंदाचा तेवढावा भाग. २०० मिमी असेल तर १/२००. आणि सेन्सर लहान, एपीएस-सी आकाराचा असेल तर दीडपट धरून १/३००. स्टॅबिलायझेशन असेल तर २०० मिमीवर १/५० ला देऊळ स्पष्ट येईल, पण देवळासमोरून जाणारा वारकरी हललेलाच येईल.

आता रिंगण. फोटो काढणाऱ्याचा खरा कस तिथे लागतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे होतं, पहिलं गोल रिंगण पुरंदावड्याला, सदाशिवनगरजवळ. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला. गोल रिंगणात पताकाधारी धावतात, तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात आणि मग घोडे सुटतात. माउलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही, कारण तो माउलींचा अश्व. या मोकळ्या घोड्याचा फोटो प्रत्येकाला हवा असतो आणि तो तुमच्यासमोरून क्षणार्धात निघून जातो.

त्या क्षणासाठी शटर १/१६०० ठेवा. घोड्याचे चारही पाय आणि खुराखालची उडालेली माती स्पष्ट येते. आता हिशेब करू. आषाढात आभाळ भरलेलं असतं. साध्या ढगाळ उजेडात आयएसओ १०० आणि एफ/४ ला साधारण १/२५० मिळतं. तिथून १/१६०० ला जायचं म्हणजे आयएसओ ६५०च्या आसपास लागणार. तुमची लेन्स लांब टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडत असेल तर १३००. आभाळ काळंभोर असेल तर २५००. हे आकडे आधीच डोक्यात असले की मैदानावर आयएसओ २५०० दिसल्यावर दचकायला होत नाही. तो आकडा त्या उजेडाला साजेसाच असतो.

दाणेदार फोटोची भीती अजूनही फार लोकांच्या मनात आहे. ती सोडून द्यावी असं मी आग्रहाने सांगेन. गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा कॅमेरा ३२०० ला छापण्यायोग्य फोटो देतो आणि दाणे कमी करणारी सॉफ्टवेअरं आता फार सुधारली आहेत. दाणेदार पण स्पष्ट घोडा भिंतीवर लावता येतो. गुळगुळीत पण हललेला घोडा कुणी लावत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी : डायल ‘एम’वर ठेवा, शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा आणि आयएसओ ऑटोवर सोडून द्या, कमाल मर्यादा ६४००. ढग सरला, ऊन पडलं, पुन्हा सावली आली तरी शटर जिथल्या तिथे राहतं. ऑटो वापरणं म्हणजे कमीपणा, असं मानणारे जुने लोक आहेत. त्यांच्या हाताला मी मान देतो, पण धावत्या रिंगणात उजेडाचा हिशेब यंत्राला करू द्यावा आणि आपण घोड्याकडे पाहावं.

घोडा स्पष्ट पकडण्यापेक्षा वेग दाखवायचा असेल तर शटर १/६० वर आणा, घोडा लांब असतानाच कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायला लागा, तो समोर आल्यावर बटण दाबा आणि दाबल्यानंतरही फिरवत राहा. मागची गर्दी रेघांसारखी ताणली जाते, घोडा त्यातून उठून दिसतो. हे दहातल्या एखाद्याच वेळी जमतं. घोड्याच्या फेऱ्या थोड्या असतात, तेव्हा पहिल्या फेरीत १/१६०० चा फोटो पदरात पाडून घ्या आणि नंतरची फेरी या प्रयोगाला द्या. सराव रिंगणात करू नका. घराजवळच्या रस्त्यावर जाणाऱ्या सायकली त्यासाठी उत्तम.

रिंगणात फ्लॅश बंद. दिवसा तो लागत नाही, आणि तोंडासमोर लखकन उजेड पडला तर घोडा बुजू शकतो. भोवती हजारो माणसं खेटून उभी असतात. घोडे गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धाव घेतात, त्या वेळी लांब लेन्स काही कामाची नाही. जवळच्यांचे वाकलेले खांदे, मातीत गेलेले हात टिपायला रुंद लेन्सचा दुसरा कॅमेरा किंवा खिशातला फोन तयार असावा.

फोकसकडे वळू. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी फोकस ‘कंटिन्युअस’वर हवा. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याला सर्वो म्हणतात. नव्या कॅमेऱ्यांतली चेहरा ओळखण्याची सोय लग्नात फार उपयोगी आहे, पण दिंडीत समोर पन्नास चेहरे असतात आणि कॅमेरा त्यातला कुणाचाही निवडतो. शिवाय मधूनच पताका आडवी आली की फोकस पताकेवर उडी मारतो. अशा वेळी एकच बिंदू निवडा आणि तो हव्या त्या माणसावर ठेवा. आडवं काही आलं तरी विषय लगेच सोडायचा नाही, अशी सूचना कॅमेऱ्याला देणारा एक पर्याय अनेक मॉडेलांत असतो. तो शोधून आदल्या रात्री लावून ठेवा.

घाटात, रुंद लेन्स घेऊन गर्दीच्या आत शिरलात तर ऑटोफोकसची गरजच उरत नाही. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिमी लेन्स, एफ/८, आणि फोकस अडीच मीटरवर ठेवला, तर साधारण सव्वा मीटरपासून थेट डोंगरापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एपीएस-सीवर १८ मिमी, एफ/८ आणि दोन मीटर धरा. मग लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर करा, नाहीतर पहिल्याच दाबाला कॅमेरा पुन्हा स्वतः फोकस शोधायला लागतो. फोकसची रिंग धक्क्याने फिरू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावायची जुनी युक्ती आजही चालते. यानंतर कॅमेरा डोक्यावर उंच धरून, स्क्रीनकडे न बघताही काढलेला फोटो स्पष्ट येतो. ज्यांना लोकांमध्ये मिसळून फोटो काढायचे आहेत त्यांच्यासाठी यासारखं दुसरं सेटिंग नाही.

अ‍ॅपर्चरबद्दल थोडक्यात सांगतो. घाटाच्या वरच्या वळणावरून खालची पांढरी रांग टिपायची असेल तर एफ/८ भरपूर झालं. एफ/१६ किंवा २२ ला बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ येतो, उजेडही वाया जातो. जवळच्या चेहऱ्यासाठी एफ/१.८ चा मोह होतो, पण इतक्या जवळून कपाळावरचा बुक्का स्पष्ट आला तर कानावरून लोंबणारं मुंडाशाचं टोक पुसट होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागचं सगळं विरघळवून टाकलेला चेहरा कुठल्याही गावच्या बाजारातला असू शकतो. त्याच्यामागे अंधूक का होईना, पताका आणि पुढे सरकणारी माणसं दिसली तर तो वारीतला चेहरा होतो. अशा चेहऱ्यांसाठी मी एफ/५.६ च्या खाली क्वचित जातो. संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे छायाचित्रांचं पुस्तक मिळालं तर वाटेला लागण्यापूर्वी निवांत पाहा. पाहताना प्रत्येक पानावर विचारा, हा फोटो कुठल्या शटरवर आणि कुठून उभं राहून काढला असेल?

उजेडाच्या मोजणीत वारी कॅमेऱ्याला हमखास फसवते, कारण वारी पांढरी आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. चौकटभर धोतरं, सदरे आणि टोप्या असतील तर त्याला वाटतं की उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. धोतरं मळकी दिसतात, उन्हातान्हात रापलेले चेहरे आणखी काळे पडतात. अशा चौकटीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. उलट, काळ्या छत्र्यांच्या गर्दीत किंवा वडाच्या गडद सावलीसमोर एकच पांढरा वारकरी उभा असेल, तर मीटर सावलीला भुलून उजेड वाढवतो आणि धोतर जळतं. तिथे दोन-तृतीयांश कमी करा. ढोबळ सांगायचं तर चौकटीत पांढरं जास्त असेल तर प्लस आणि काळं जास्त असेल तर मायनस.

जळलेले भाग लुकलुकवून दाखवण्याची सोय जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात असते. ती चालू ठेवा. स्क्रीन कितीही उजळ असली तरी उन्हात ती खोटं बोलते, लुकलुकणारा ठिपका खोटं बोलत नाही. ही सूचना कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगवरून येते. रॉ फाइलमध्ये त्यापेक्षा थोडा जास्त तपशील शिल्लक असतो, म्हणून टोपीच्या कडेला एखादा ठिपका लुकलुकला तर घाबरू नका. पाठभर सदरा लुकलुकत असेल तर मात्र लगेच कमी करा. फोटो रॉमध्येच काढा हे ओघाने आलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळवंडलेला चेहरा उजळताना हाच फरक कामी येतो.

आभाळाचा प्रश्न वेगळा आहे. सासवडच्या वाटेवर ढग खाली उतरलेले असतात आणि त्यांच्यासमोर पताका. ढगांचा पोत आणि चेहऱ्यांवरचा उजेड ही दोन्ही सुखं एका फोटोत बहुधा मिळत नाहीत. चेहरा हवा असेल तर कॅमेरा किंचित खाली झुकवून आभाळ चौकटीबाहेर काढा, किंवा एक स्टॉप वाढवा आणि ढग पांढरे झाले तर होऊ द्या. आभाळ हवं असेल तर एक स्टॉप कमी करा आणि माणसं काळ्या आकृत्या होऊ द्या. भगव्या पताकेतून मागचा उजेड पाझरतो तेव्हा हा दुसरा मार्ग फार सुंदर फोटो देतो. मधला मार्ग धरला की दोन्ही हातचं जातं.

जेजुरीत पिवळ्याशी गाठ पडते. पालखीवर भंडारा उधळला जातो आणि समोरचं सगळंच हळदीचं होतं. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की उजेडातच पिवळेपणा आलाय, म्हणून तो पिवळा रंग काढून टाकतो आणि सोन्याची जेजुरी फिकट करतो. इथे व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, ढग असतील तर ‘क्लाउडी’वर कायम करून टाका. दुसरी अडचण जास्त नकळत येते. गडद पिवळ्यात लाल रंगाचा भाग सर्वांत आधी भरून जातो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो पण भंडाऱ्याचा पोत जाऊन नुसता पिवळा डाग उरतो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर एक-तृतीयांश कमी करा. हवेतले कण सुटे दिसायला १/१००० हवं आणि मागे दीपमाळेचा किंवा पायऱ्यांचा काळा दगड हवा, आभाळासमोर ते दिसत नाहीत. लेन्स मात्र खालीच, गड चढण्यापूर्वी लावून घ्या. भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलली तर हळद सेन्सरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत दिसते.

नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. पाण्याचे थेंब सुटे हवे असतील तर १/१०००. इतर वेळी, नदीकाठी बायका-माणसं आंघोळ करत असतात तिथे कॅमेरा पिशवीत ठेवावा. रस्त्यावर आपण सगळ्यांसमोर चालतो, पण आंघोळीला बसलेला माणूस आपल्यासमोर आलेला नसतो.

पाऊस दिसण्यासाठी त्याच्यामागे काहीतरी गडद लागतं. १/५०० वर थेंब टिपक्यांसारखे येतात, १/१०० च्या आसपास त्यांच्या रेघा होतात. मला रेघा आवडतात, कारण डोळ्यालाही पाऊस तसाच दिसतो. ऑटोफोकस कधीकधी जवळच्या थेंबांवर अडकतो, तेव्हा एकच बिंदू किंवा मॅन्युअल. लेन्सचं हूड लावलेलं असावं आणि खिशात कोरडा सुती रुमाल असावा. पावसात वारकरी डोक्यावरून निळे, पिवळे प्लास्टिकचे कागद घेतात. त्यातून गाळून आलेल्या उजेडाने चेहरा निळा पडतो. हा निळेपणा घरी कमी करता येतो, पण पूर्ण घालवू नका. त्या दिवशी तो उजेड तसाच होता.

रात्रीच्या कीर्तनाला ५० मिमी, एफ/१.८ ची स्वस्तातली लेन्स मोठमोठ्या झूमला भारी पडते. एफ/२, १/१००, आयएसओ ३२०० च्या आसपास कीर्तनकाराचा उंचावलेला हात नीट येतो. इथे १/१०० हा आकडा मुद्दाम दिला आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर त्याहून जलद ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा काळा, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे, असं होतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत उजेडाचे एक किंवा दोन पूर्ण हेलकावे येतात आणि पट्टे जातात. कीर्तनात आवाज नको म्हणून लोक मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. ते लावलं की पट्ट्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो, म्हणून त्याच्याबरोबर तर हाच आकडा पाळायला हवा. फोकस लागल्याचा ‘पीप’ आवाज बंद करा आणि अंधारात फोकससाठी पेटणारा लहान लाल किंवा हिरवा दिवाही बंद करा. अभंगात रंगलेल्या माणसाच्या तोंडावर तो दिवा पडणं बरं नव्हे. समई-कंदिलाच्या उजेडात व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा ती ऊब धुऊन टाकू शकतो. केल्विनचा आकडा स्वतः ठरवून पाहा, पिवळेपणा राहील पण चेहरा नारिंगी होणार नाही इतका.

फोनवर फोटो काढणाऱ्यांचं काय? त्यांनाही हेच प्रश्न पडतात, बटणं फक्त कमी असतात. आधी लेन्स पुसा, कारण पावसात ती ओली आणि खिशात तेलकट होते. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा म्हणजे टोप्या जळत नाहीत. नाइट मोड कित्येक क्षणांचे फोटो एकत्र करतो, म्हणून नाचत्या पावलीसाठी तो बंद ठेवा आणि बसलेल्या श्रोत्यांसाठी चालू करा. बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. अतिरुंद लेन्सच्या कडेला माणसाचा चेहरा ओढल्यासारखा होतो, त्या लेन्सने माणसं मध्यावरच ठेवा. रिंगणात फोनचा बर्स्ट (एका दाबात सलग फोटो) वापरा आणि घोडा येण्याआधीच सुरू करा.

आता हे सगळं ऐन वेळी आठवणार कसं? आठवायची गरज पडू नये अशी सोय कॅमेऱ्यात असते. डायलवर सी-१, सी-२, सी-३ किंवा यू-१, यू-२ अशा जागा असतात, त्यांत पूर्ण सेटिंग साठवता येतं. मी त्या अशा भराव्यात असं सुचवेन. पहिली जागा चालत्या दिंडीसाठी : १/२५०, एफ/५.६, ऑटो आयएसओ, कंटिन्युअस फोकस, एक बिंदू, कॉम्पेन्सेशन अधिक दोन-तृतीयांश. दुसरी रिंगणासाठी : १/१६००, लेन्स उघडेल तेवढी, जलद बर्स्ट. तिसरी कीर्तनासाठी : १/१००, एफ/२, मूक शटर, व्हाइट बॅलन्स कायम, पीप आणि दिवा बंद. मग मैदानावर एक डायल फिरवला की काम होतं. ज्यांच्या कॅमेऱ्यात अशी सोय नाही त्यांनी ही तीन ओळींची चिठ्ठी पट्ट्याला बांधावी.

काही मॉडेलांमध्ये या जागांत एक खोच आहे. कॅमेरा बंद करून चालू केला की तुम्ही केलेला बदल पुसला जातो आणि साठवलेलं मूळ सेटिंग परत येतं. काहींमध्ये बदल तसाच राहतो. आपला कॅमेरा कसा वागतो हे घरीच तपासा. काल कीर्तनात लावलेला व्हाइट बॅलन्स आज सकाळच्या घाटात तसाच राहिला तर रॉमध्ये निभावतं, पण शटर तसंच राहिलं तर निभावत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर जेवणाआधी कार्डावरचे फोटो दुसरीकडे उतरवा, ते उतरले आहेत याची खात्री करा आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. बॅटरी चार्जिंगला लावा. गावात सॉकेट मिळवायला रांग असते, म्हणून एक जादा बॅटरी आणि पॉवर बँक जवळ असू द्या. निजण्यापूर्वी डायल पहिल्या जागेवर आणा आणि त्यात दोन बदल करून ठेवा (बदल पुसणारा कॅमेरा असेल तर ते पहाटे करा) : शटर १/६०, अ‍ॅपर्चर लेन्स उघडेल तेवढं. तंबू उतरायला लागतात, चुली पेटतात तेव्हा अजून उजाडलेलं नसतं आणि दिंडी निघायची वेळ झालेली असते.